उन्हाकडचा गाल

तैलरंगाच्या कुठल्याही पुस्तकात सुरुवातीलाच सांगितलेलं असतं, की स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा राहतो, चेहऱ्यावरच्या सावल्या सरकत नाहीत. ही पुस्तकं लिहिली युरोपातल्या लोकांनी, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. कोल्हापुरात मात्र मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी तो चक्क उत्तरेला असतो. मार्च संपत आला की उगवायलाही तो पूर्वेपासून उत्तरेकडं सरकायला लागतो. त्यामुळं माझ्या माडीवरच्या खोलीत, खिडकी अगदी होकायंत्र लावून उत्तरेची असली तरी, उन्हाळ्यात सकाळी नऊपर्यंत तिरकं ऊन आत येतं आणि संध्याकाळी पुन्हा दुसऱ्या बाजूनं डोकावतं. त्यावर मी खिडकीला पांढरं मलमल लावते आणि माणूस समोर बसवून रंगवायची बैठक साडेनऊच्या आधी सुरू करत नाही. हे कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, एप्रिल-मे त्या खोलीत काढल्यावर कळलं.

मी व्यक्तिचित्रं रंगवते, शक्यतो समोर माणूस बसवून. गेल्या उन्हाळ्यात सुरू केलेलं आणि दिवाळीच्या तोंडावर हातावेगळं झालेलं एक चित्र सध्या डोक्यात घोळतंय, कारण सामानापासून उजेडापर्यंत सगळ्या गोष्टी त्यात एकदमच पणाला लागल्या.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. गगनबावडा, फोंडा, आंबोली, असे सगळे घाट त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांच्या मुलानं काम सांगितलं, तेही एका फोटोवरून. फोटो लग्नातला, फ्लॅश मारलेला, फेटा बांधलेला, चेहरा पिठासारखा सपाट. मी म्हटलं, काकांनाच पाठवून दे, आणि खाकी शर्ट घालून येऊ दे.

काका आले ते हसतच. "रिटायर झाल्यावर परत खाकी? गल्ली म्हणंल डेपोतनं बोलावणं आलं."

स्थिर बसण्यात त्यांचा हात धरणारा मॉडेल मी पाहिलेला नाही. आर्ट स्कूलमधली शिकाऊ पोरं पाच मिनिटांत मान टाकतात. हे आपले पाठ ताठ, नजर लांब. एकच अडचण होती. थोडा वेळ गेला की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढं सरकायचा आणि पंजा खाली दाबला जायचा. ॲक्सिलरेटर. पाय पुढं गेला की उजवा खांदा उतरायचा आणि खांद्याबरोबर कॉलरची सगळी घडी बदलायची. म्हणून खुर्चीच्या पायांभोवती आणि त्यांच्या चपलांभोवती खडूनं रेघा मारून ठेवल्या, वीस-पंचवीस मिनिटांनी उठवायचं आणि चहानंतर पुन्हा त्याच रेघांत बसवायचं. नजरेसाठी भिंतीवर एक कॅलेंडर लावलं. ते म्हणाले, "जरा लांब लावा ताई, जवळचं बघायची सवय न्हाई."

पहिल्या बैठकीत रंगाला हात लावायचा नाही, हा माझा नेम. कोळशानं नुसती स्केचेस करायची. माणसाला बोलतं करायचं आणि आपण बघत राहायचं. तेव्हा लक्षात आलं की काकांचा चेहरा दोन रंगांचा आहे. उजवा गाल, उजवा कान आणि मानेची उजवी बाजू गडद, तांबूस तपकिरी, आणि सुरकुत्या खोल, एकमेकींना छेदणाऱ्या. डावा गाल त्या मानानं उजळ, किंचित पिवळट, जवळजवळ गुळगुळीत. दोन्ही हात मांडीवर ठेवले तर उजवं कोपरापुढचं दुसऱ्याच माणसाचं वाटावं. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो. खिडकी उजवीकडं. आयुष्यभर ऊन त्या एकाच अंगानं आत आलं होतं. निवृत्तीनंतर बरीच वर्षं गेली तरी ते उतरलेलं नाही. घरातही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लग्नाच्या त्या फोटोत फ्लॅशनं दोन्ही गाल एकच करून टाकले होते.

आता खुर्ची कशी फिरवायची, हा प्रश्न होता आणि सगळं चित्र त्यावर ठरणार होतं. खिडकी काकांच्या डाव्या हाताला ठेवली तर उजळ गालावर उजेड आणि रापलेला गाल सावलीत. झटकन उठाव येतो, नाट्य मिळतं, प्रात्यक्षिकाला बसलेले प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण चेहऱ्याची उभी दोन शकलं होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं ही नुसती सावली आहे; ऊन लागलेली कातडी सावलीत बुडून जाते. उलट, खिडकी उजव्या हाताला घेतली तर गडद गालावर उजेड पडतो, उजळ गाल सावलीत जातो, आणि दोघांचे टोन, म्हणजे गडद-फिकटपणा, इतके जवळ येतात की डोळे बारीक करून पाहिलं तर चेहरा सपाट दिसतो. मग फरक दाखवायचा कशानं? रंगानं आणि पोतानं. एका बाजूला गरम तांबूस, दुसऱ्या बाजूला थंड, जरा हिरवट. एका बाजूला उजेड सुरकुत्यांवर आडवा घासून जातो, दुसरीकडं काही घडतच नाही. मी दुसरा मार्ग धरला. अवघड होता, पण काकांची कहाणी त्याच बाजूला होती.

रेखाटनाबद्दल फार लांबण लावत नाही. गवंड्याचा ओळंबा आणि विणकामाची एक लांब सुई, एवढ्यावर माझं माप चालतं. ओळंबा डोळ्याच्या कोपऱ्यापासून सोडला तर तो नाकपुडीला लागतो की ओठाच्या टोकाला, हे एकदा पक्कं झालं की निम्मं काम झालं. सुई हात पूर्ण ताणून धरायची, कोपर वाकवलं की माप बदललं. मागं एक मोठा आरसा टांगलेला आहे. त्यात चित्र उलटं दिसतं आणि चेहरा कुठं कलला आहे ते लगेच कळतं. माणूस ओळखू येतो तो पापण्यांच्या केसांनी नव्हे. कवटीचा तोल, कपाळ-नाक-हनुवटीमधली अंतरं आणि मान खांद्यावर कशी बसलीय, यावरून. गल्लीच्या टोकावरून चालत येणारा माणूस आपण डोळे न दिसताच ओळखतो. सुरुवातीलाच डोळे कोरत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना मी बुबुळं सगळ्यात शेवटी काढायला लावते.

कॅनव्हासची मात्र गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही शिकत होतो तेव्हा विकतचा कॅनव्हास परवडत नसे. सुताराकडून चौकट करून घ्यायची, मांजरपाट ताणून खिळे ठोकायचे, सरसाचा हात द्यायचा आणि वर खडूची पूड नि झिंक व्हाइट घोटून लावायचं. हिवाळ्यात असा कॅनव्हास डफासारखा वाजायचा. जून उजाडला की सरस हवेतलं पाणी प्यायचा, कापड ढिलं पडायचं, दिवाळीनंतर पुन्हा ताणायचं. कापड असं दरवर्षी खाली-वर होत राहिलं की वरचा वाळलेला रंग तडकतो. झिंक व्हाइट तर मुळातच वाळल्यावर ठिसूळ होतं. आमच्या काळच्या कित्येक चित्रांना पडलेल्या भेगा त्यातूनच आल्यात. म्हणून आता लहान-मध्यम चित्रांसाठी मी चांगल्या प्रतीच्या, पाण्याला दाद न देणाऱ्या प्लायवर लिनन चिकटवते, वर ॲक्रिलिक प्रायमरचे पातळ हात आणि प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर. प्लायच्या कडा आणि पाठ विसरायची नाही. ओल तिथूनच शिरते. पांढरं रंगवायचं ते टायटॅनियमनं.

काकांच्या पॅनेलवर आधी रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फासलं आणि फडक्यानं पुसून घेतलं. पांढऱ्याशुभ्र जागेवर कुठलाही टोन काळाच वाटतो आणि हात घाबरून सगळं फिकट लावतो. मधल्या टोनची जमीन असली की उजेड आणि सावली दोन्ही तिथूनच मोजता येतात. शिवाय अंबरमध्ये मँगेनीज असतं, त्यानं तेल लवकर वाळतं. खालच्या थराला तेच हवं असतं.

कातडीच्या रंगाबद्दल एक जुना राग आहे माझा. ट्यूबवर 'फ्लेश टिंट' लिहिलेला गुलाबीसर रंग मिळतो. तो कुणाच्या कातडीचा आहे ते माहीत नाही, आमच्या गल्लीत तरी तसा कुणी नाही. आणि सावळ्या कातडीवर उजेड दाखवायचा म्हणून मूळ रंगात पांढरा मिसळत गेलं की चेहऱ्याला राख फासल्यासारखं होतं. नीट बघितलं तर सावळ्या चेहऱ्यावरची चमक तपकिरीची फिकट छटा नसतेच. तिच्यात आभाळ उतरलेलं असतं. खिडकीतून आभाळ निळं असेल तर कपाळावरचा तो ठिपका थंड निळसर, ढगाळ असेल तर रुपेरी. सगळ्यात भरलेला, रसरशीत रंग चमकेच्या शेजारी, मधल्या टोनमध्ये असतो. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झोर्न चारच रंगांसाठी प्रसिद्ध आहे: यलो ऑकर, लाल, काळा आणि पांढरा. काळ्यात पांढरा मिसळला की तो निळ्यासारखा वागतो, त्यामुळं एवढ्यात चेहरा होतो. मी विद्यार्थ्यांना याच चार रंगांवर बसवते. काकांच्या डाव्या गालाला ते पुरले. उजव्याला नाही. तिथल्या जांभळट तपकिरीसाठी बर्न्ट सिएन्ना, अल्ट्रामरीन आणि लालाचा एक खोल थर लागलाच. जुना अलिझरिन क्रिमझन मी वापरत नाही, उजेडात उडतो. त्याच्या नावापुढं 'पर्मनंट' असलेला, वेगळ्या द्रव्यापासून केलेला घेते.

खाकी शर्टानं मात्र लाड केले. यलो ऑकरमध्ये आयव्हरी ब्लॅक मिसळला की तो हिरवट होतो, आणि तोच खाकीचा सावलीतला रंग. उजेडातली खाकी तीच, पांढरा आणि चिमूटभर लाल घालून. अनेक वेळा धुतलेल्या शर्टाची कॉलर आतून फिकी झालेली असते, तीही तशीच मिळाली. या शर्टाच्या घड्यांसाठी मी फोटोचा आधार घेतला, कारण माणूस उठून बसला की घडी बदलते. चेहऱ्यासाठी नाही. कॅमेरा जवळून धरला की नाक मोठं आणि कान लहान होतात, आणि सावलीतले रंग तो काळे करून बंद करतो. काकांच्या डाव्या गालावरचा तो हिरवटपणा मोबाइलमध्ये आलाच नाही.

मध्येच समोरच्या घरात लग्न निघालं. त्यांनी भिंत रंगवायला काढली, पांढऱ्याची पोपटी केली. दुसऱ्या दिवशी काका बसले आणि त्यांच्या हनुवटीखालचा रंगच बदललेला. भिंतीवर आपटून उजेड खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून आत येत होता, पोपटी होऊन. शेजाऱ्यांशी भांडायचं तर लग्नघर! खिडकीचा खालचा अर्धा भाग काळ्या कापडानं बंद केला. आता उजेड फक्त वरून, आभाळातून यायला लागला. खरं तर जुन्या स्टुडिओंतही असाच उंचावरून उजेड घेत; सातारा जिल्ह्यातल्या औंधला टेकडीवरच्या भवानी संग्रहालयात चित्रं पाहताना वरून उतरणाऱ्या नैसर्गिक उजेडाचा फरक कळतो. भुवईखाली, नाकाखाली, हनुवटीखाली सावलीला आकार आला. लग्नाचे लाडूही खायला मिळाले.

मग पाऊस लागला.

कोल्हापूरचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं. त्याला उजेड आणि ऊब लागते. जुलैत दोन्ही नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागणारा थर आठवडा उलटला तरी चिकट. काळा तर आणखी सावकाश वाळतो, म्हणून आयव्हरी ब्लॅक मी खालच्या थरात जाड लावत नाही. वरच्या थरात तेल जास्त आणि खालच्यात कमी, हा नियम पावसाळ्यात दुपटीनं पाळावा लागतो. वर लवकर वाळणारा पातळ थर आणि खाली अजून ओला थर, असं झालं की वरचा ताणला जाऊन फाटतो. बैठका पंधरवड्यावर गेल्या. काकांना त्याचं काही वाटलं नाही. घाटात दरड कोसळली की थांबायची सवय.

चित्र भिंतीला टेकवून ठेवायचं नाही. मागं बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवायची, पश्चिमेची ओली भिंत टाळायची. तरी एका जुन्या, अंधाऱ्या पार्श्वभूमीच्या अभ्यासचित्रावर पांढरी बुरशी आलीच. अंधारात ठेवलेल्या चित्रात जवसाचं तेल पिवळंही पडतं. पुन्हा उजेडात आणलं की बरंचसं निवळतं. त्यामुळं ओलं चित्र धूळ नको म्हणून कपाटात बंद करणं वाईट. मी ते उजेडात, वरची कड जरा पुढं झुकवून ठेवते, म्हणजे धूळ मागच्या बाजूला बसते.

दोन गोष्टी भराभर सांगून टाकते, कारण त्या जिवाशी आहेत. हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून बहुधा जे मिळतं ते खनिज तेलापासूनचं, दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटसाठीचं. चित्रकलेच्या सामानातलं चीड, म्हणजे पाइनच्या झाडाच्या राळेपासून काढलेलं असतं. दोन्हींची वाफ बंद खोलीत घेऊ नये. मी आता ते फक्त पहिल्या थराला वापरते, बाकी ब्रश तेलानं आणि मग कपडे धुवायच्या वडीनं धुते. दुसरी गोष्ट तेलकट फडक्यांची. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून बादलीत टाकली तर तेल घट्ट होताना निघणारी उष्णता आत कोंडते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात टाकायची. घरात स्टुडिओ असलेल्यांनी तर हे पाळायलाच हवं.

पावसात काम थंडावलं तेव्हा मी पणजीला जाऊन आले. तिथं फुन्दासाँव ओरिएन्त या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत त्रिंदाद यांची चित्रं बघायची होती. अंतोनियो झेवियर त्रिंदाद, 1870 ते 1935. गोव्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि तिथंच शिकवणारे. छापील प्रतींत त्यांच्या सावल्या नुसत्या काळ्या दिसतात. समोर उभं राहिलं की कळतं, त्या पातळ आहेत, आरपार आहेत, खालची तपकिरी जमीन त्यातून श्वास घेते. आणि उजेडात रंग जाड, ब्रशची वाट दिसणारा. घरातली माणसं त्यांनी रंगवली आहेत, आपल्या वर्णाची. तिथं उभी राहून मी काकांच्या डाव्या गालाचा विचार करत होते. मी सावली फार घट्ट लावली होती का, हे तपासायला परत आल्यावर तिथं पुन्हा थर देण्याऐवजी फडक्यानं थोडा रंग उचलला. जमीन वर आली आणि गाल मागं गेला. कोल्हापूरनं आबालाल रहिमान यांच्यासारखा निसर्गचित्रकार दिला, त्याचा अभिमान सगळ्यांनाच असतो. पण मूळ चित्रापुढं तासभर उभं राहणारे थोडेच. मोबाइलवर चित्र बघून रंग शिकता येत नाही, एवढं मी आता ठामपणे म्हणते.

शेवटी राहिले हात. ते मी कायम चेहऱ्याइतकाच वेळ देऊन करते. उजव्या हाताच्या तळव्याकडं, अंगठ्याच्या मुळाशी स्टिअरिंगनं पडलेला घट्टा होता, पिवळट आणि चकचकीत. तो दिसावा म्हणून हात जरा उलटा ठेवायला सांगितला. काका म्हणाले, "असा हात मागायला धरत्यात ताई." खरंच होतं. पुन्हा गुडघ्यावर पालथा ठेवला आणि घट्ट्याची नुसती कड दिसू दिली.

चित्र झालं असं वाटल्यावर ते पाठमोरं करून ठेवलं आणि नवरात्रात पुन्हा फिरवलं. कपाळावरची चमक एका ब्रशनं दाबली, कॉलरची एक कड पार्श्वभूमीत विरघळवली, बाकी हात लावला नाही. काकू बघायला आल्या. "ह्यांचा उजवा गाल एवढा काळा कुठाय?" असं म्हणून त्यांनी काकांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं, बराच वेळ पाहिलं, आणि मुलाला म्हणाल्या, "बघ की रे, खरंच हाय."

फ्रेमवाल्याशी काचेवरून हुज्जत झाली. तैलचित्राला काच नको, पावसाळ्यात आत ओल कोंडते, हे त्याला पटलं नाही, पण त्यानं ऐकलं. चित्र त्यांच्या घरी टी.व्ही.च्या वर लागलंय, मागं बुचाचे तुकडे लावून. रंग आतपर्यंत वाळायला सहा महिने तरी द्यायचे, मग ते खाली उतरवून माझ्याकडं आणायचं आणि व्हार्निशचा हात देऊन परत करायचं, असं ठरलंय. काकूंनी अट घातलीय, तेवढ्यात त्यांची बैठक सुरू व्हायला हवी, आणि त्या हिरवं इरकल नेसून बसणार. व्हिरिडियनची ट्यूब संपत आलीय, ती आणायला हवी. समोरची भिंतही पोपटीच आहे अजून.